ओणवं कोण उभं राहणार?

बेडूक दुसऱ्या बेडकाच्या पाठीवरून उडी मारून पुढे गेलाय, असं मी कधी पाहिलेलं नाही. पावसाळ्यात डबक्याकाठी एकाच्या पाठीवर दुसरा बसलेला दिसतो खरा, पण त्याला पुढे कुठे जायचं नसतं. त्याचं जे काही काम असतं ते तिथेच असतं. तरीही इंग्रजांनी पोरांच्या एका खेळाला ‘लीपफ्रॉग’ असं नाव देऊन टाकलं. एकाने गुडघ्यांवर हात ठेवून ओणवं व्हायचं, दुसऱ्याने धावत येऊन त्याच्या पाठीवर तळवे टेकायचे आणि पाय फाकून पलीकडे उतरायचं. याच खेळात फ्रेंचांना मेंढी दिसली, डचांना ससा, जर्मनांना बोकड आणि जपान्यांना घोडा. आमच्या वाड्यातही त्याला घोडाच म्हणत. उडी मारायला दहाजण पुढे यायचे. घोडा व्हायची वेळ आली की निम्म्यांना आया हाका मारू लागायच्या.

खेळ जुना आहे. ब्रूगेलने १५६० साली काढलेलं ‘मुलांचे खेळ’ हे चित्र व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. त्यात दोनशेहून अधिक पोरं एका चौकात धुमाकूळ घालताहेत आणि त्यांत हे ओणवं होणं, वरून उडी मारणं स्पष्ट दिसतं. पुढे शेक्सपिअरच्या ‘पाचवा हेन्री’ नाटकात युद्ध जिंकून आलेला राजा फ्रेंच राजकन्येला मागणी घालायला उभा राहतो आणि त्याला गोड बोलता येत नाही. लीपफ्रॉग खेळून बायको मिळवता आली असती तर मी केव्हाच मिळवली असती, अशा अर्थाचं काहीतरी तो बोलतो. मला हा राजा आवडतो. स्थळ बघायला गेलेल्या किती मुलांना नेमकं हेच म्हणावंसं वाटलं असेल! पोहे खाऊन, पंख्याकडे बघून ते परत आले.

शब्द खेळापुरता होता तोवर कोणाचीच तक्रार नव्हती. मग इंग्रजीने त्याचं क्रियापद केलं आणि ते मोठ्या माणसांच्या हाती लागलं. एक कंपनी दुसरीला लीपफ्रॉग करते, एखादा देश विकासाचा एखादा टप्पा लीपफ्रॉग करतो, सहाव्या क्रमांकावरचा संघ एका सामन्यात चौघांना लीपफ्रॉग करून दुसऱ्या क्रमांकावर जातो. आता हा शब्द आपल्याकडच्या बैठकांतही आला आहे. पडद्यावर बाणांचं चित्र असतं आणि कोणीतरी चाळीस हजारांचा फोन हातात धरून म्हणतं, ‘सर, आपल्याला इथे लीपफ्रॉग मारायचाय.’ मारायचाय हे अस्सल मराठी. पुढे जाण्याच्या बाबतीत आपण काहीही मारतो: उडी मारतो, मुसंडी मारतो, ओव्हरटेक मारतो. मागे राहण्याचीही सोय आहेच, दांडी मारतो.

मराठीत बेडूकउडी नाही असं नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनाआधीच्या क्रीडासप्ताहात लिंबू-चमचा, पोत्यातली शर्यत यांच्या जोडीला बेडूकउडीची शर्यत असायची. पण आपला बेडूक उकिडवा बसून, स्वतःच्या जिवावर, आपल्या पट्ट्यातून उड्या मारत जातो. शेजारच्या पट्ट्यातल्या बेडकाशी त्याचा संबंध नसतो. खऱ्या बेडकाच्या स्वभावाला हेच धरून आहे. कॅलिफोर्नियातल्या कॅलाव्हेरास परगण्यात बेडकांच्या उड्यांची मोठी स्पर्धा भरते. मार्क ट्वेनने १८६५ साली तिथल्या एका उड्या मारणाऱ्या बेडकाची गोष्ट लिहिली आणि त्या गोष्टीच्या पुण्याईवर ही जत्रा चालली आहे. तिथे १९८६ साली रोझी नावाच्या बेडकीने तीन उड्यांत जवळजवळ साडेएकवीस फूट गाठले. तीही एकटीच उडाली. वाटेत तिने कोणाला ओणवं केलं नाही.

वर्तमानपत्रांत बेडूकउड्या भेटतात त्या पक्षांतराच्या बातम्यांत. तिथे कौतुकाचा सूर नसतो. कौतुक करायचं असेल तर आपल्याकडे वेगळं प्राणिसंग्रहालय आहे. शेअर बाजार हनुमानउडी घेतो. आणि सहकारी पतपेढीपासून लघुउद्योगापर्यंत ज्याला म्हणून स्मरणिका काढायची असते तो मुखपृष्ठावर ‘गरुडझेप’ लिहितो. हजार सभासदांचे अकराशे झाले तरी गरुडझेपच. या यादीत बेडकाला कोण विचारणार? रौप्यमहोत्सवी अंकाचं नाव ‘बेडूकउडी’ ठेवायला फार मोठं मन लागेल. त्यामुळे इंग्रजी बातमीतला लीपफ्रॉग मराठी पानावर उतरतो तेव्हा त्याला पंख फुटलेले असतात. संघ गुणतक्त्यात दुसऱ्या स्थानी झेप घेतो. ज्या चौघांच्या पाठीवर हात टेकले, ते झेपेत दिसत नाहीत. गरुड आभाळातून जातो, त्याला पाठ लागत नाही.

माझी खरी अडचण इथेच आहे. उडी सगळ्या शब्दांत मिळते. पाठ शोधायला गेलं की शब्द संपतात.

‘मागे टाकणे’ घेऊन बघा. त्यात शर्यत आहे, धूळ आहे, पण स्पर्श नाही. शिवाय मागे टाकलेला धावतच असतो, ओणवा नसतो. मागे टाकण्यापेक्षा खऱ्या लीपफ्रॉगच्या फार जवळ जातात त्या शहरातल्या एकाच नंबरच्या दोन बस. अर्धा तास काही येत नाही आणि मग दोघी जोडीने येतात. पहिली गच्च भरलेली. तिला प्रत्येक थांब्यावर थांबावंच लागतं. ती वाकून, एका कुशीवर कलून उभी असते तेवढ्यात मागची अर्धी रिकामी बस तिच्या बाजूने पुढे निघून जाते. पुढच्या थांब्यावर ही थांबते, ती पुढे जाते. सबंध मार्गभर हा खेळ चालतो. दोन्हींचे चालक एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत. मोठ्या माणसांनी हा खेळ नियमानुसार खेळलेला मी एवढाच पाहिला आहे. नियम काय आहे? ज्याने उडी मारली त्याने दोन पावलं पुढे जाऊन लगेच ओणवं व्हायचं, म्हणजे मागच्याची पाळी येते. क्रियापद करताना इंग्रजीने हा अर्धा भाग घरी ठेवला. दुसऱ्या कंपनीला लीपफ्रॉग करून पुढे गेलेली कंपनी तिथे गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिली, अशी बातमी अजून तरी माझ्या वाचनात नाही.

‘टप्पे गाळणे’ हा दुसरा शब्द. याला सरकारी अहवालाचा वास आहे, पण मला तो ऐकला की बीजगणिताचे सर आठवतात. उत्तर बरोबर असूनही पाचापैकी दोनच गुण, आणि समासात लाल शाईने ‘पायऱ्या?’ उत्तर कसं काढलंस ते दिसलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. उत्तर शेजारच्या वहीतून काढलं असल्याने मधल्या पायऱ्यांना काही वावच नव्हता. आज कोणी पडद्यावर आलेख दाखवून आम्ही मधले तीन टप्पे लीपफ्रॉग केले असं सांगतं, तेव्हा माझा हात आपोआप लाल पेनाकडे जातो.

बेडकावर रागच असेल असं मात्र नाही, कारण आपल्या जवळच्या एका शास्त्रात त्याला दोन हजार वर्षांहून अधिक काळ मानाचं पान आहे. पाणिनीने संस्कृतचं व्याकरण चार हजारांच्या जवळपास सूत्रांत बसवलं. एवढं कमी लिहायचं तर एकदा लिहिलेला शब्द पुन्हा लिहून चालणार नाही. म्हणून आधीच्या सूत्रातला शब्द पुढच्या सूत्रांत न लिहिताच लागू होतो. आपण वाण्याकडे यादी देतो तसंच ते आहे: गहू ५ किलो, तांदूळ ३, ज्वारी ४, खोबरेल १ बाटली, तूरडाळ २. तांदूळ आणि ज्वारीपर्यंत ‘किलो’ मुकाट्याने चालत येतो. खोबरेलाशी बाटली आडवी येते. पण डाळीपाशी वाणी दोन बाटल्या भरत नाही. ‘किलो’ बाटलीवरून उडी मारून डाळीवर पोचलेला असतो. या उडीला वैयाकरणांनी नाव दिलं मंडूकप्लुती. पतंजलीच्या महाभाष्यातच बेडकाची ही चाल सांगितली आहे, आणि ते सगळं महाभाष्य वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी मराठीत आणून ठेवलं आहे. म्हणजे हा बेडूक आपल्याला अगदीच परका नाही.

त्याच परंपरेत शब्दांच्या जाण्याच्या आणखी दोन तऱ्हा सांगतात. गंगेच्या प्रवाहासारखं सरळ वाहत जाणं ही एक, आणि सिंहासारखं मान वळवून मागे बघणं ही दुसरी. यांतला सिंह मराठीत येऊन गब्बर झाला. वार्षिक सर्वसाधारण सभेत शाल पांघरून बसलेले अध्यक्ष सिंहावलोकन करतात. बेडूक बिचारा पाठशाळेतच राहिला. वास्तविक त्याच सभेत चिटणीस अहवाल वाचताना तोट्याच्या वर्षावरून पुढच्या वर्षावर ज्या सफाईने जातात, त्याला मंडूकप्लुतीइतका नेमका शब्द दुसरा नाही.

हे क्रियापद आता सर्वांत जास्त मिरवतं ते तंत्रज्ञानाच्या गप्पांत, आणि तिथे आपण स्वतःच उडी मारणारे आहोत. ज्यांनी टेलिफोनची वाट पाहिली आहे त्यांना हे पटेल. अर्ज करायचा आणि विसरून जायचं. ‘ओन युवर टेलिफोन’ म्हणजे ‘ओवायटी’ योजनेत मोठी अनामत भरली तर नंबर लवकर लागायचा, म्हणजे रांगेतसुद्धा पाठी होत्याच, फक्त त्या सामान्य यादीतल्या लोकांच्या होत्या. तोवर लग्नपत्रिकेवर आणि कार्डावर शेजाऱ्यांचा नंबर छापून पुढे ‘पीपी’ लिहायचं. फोन आला की शेजारच्या काकू गॅलरीतून हाक मारायच्या आणि आपण ओल्या हातांनी धावायचं. संभाषण संपेपर्यंत काकू तिथेच पडदे सारखे करत उभ्या राहायच्या. मग पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ आले. रात्री अकरानंतर पाव दर लागायचा म्हणून मुलगी परगावी दिलेली कुटुंबं जेवणं आटोपून तिथे रांग लावायची.

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला दूरसंचारमंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल फोन केला. सुरुवातीला तो श्रीमंतांचा चाळा वाटला, कारण आलेल्या फोनचेही पैसे पडायचे. पण नंतर जे झालं ते झपाट्याने झालं. देशातल्या तारेच्या फोनांची संख्या २००५-०६च्या सुमारास पाच कोटींच्या आसपास पोचली आणि तिथून उतरायला लागली. मोबाइल पुढच्या दहा वर्षांत शंभर कोटींच्या पार गेले. म्हणजे बहुतेक भारतीय घरांनी तारेचा फोन घेतलाच नाही. काळ्या चकतीचा नाही, बटनांचा नाही, कुलूप लावलेलाही नाही. पैशांचंही तेच. भाजीवाल्या मावशींनी कार्ड घासायचं यंत्र कधी ठेवलं नाही, धनादेश कधी घेतला नाही. २०१६ साली यूपीआय आलं आणि काही वर्षांत कोथिंबिरीच्या जुड्यांमागे पुठ्ठ्यावर चौकोनी ठिपक्यांचं चित्र टेकवलेलं दिसू लागलं. नाण्यांच्या पिशवीतून थेट तिथे. अर्थशास्त्रज्ञ याला लीपफ्रॉगिंग म्हणतात आणि कौतुकाने म्हणतात. गेर्शेनक्रॉन नावाच्या विद्वानाने तर पन्नासच्या दशकातच मागासलेपणाचेही फायदे असतात असं मांडलं होतं: उशिरा येणाऱ्याला आधीच्यांच्या जुन्या यंत्रांचं ओझं वागवावं लागत नाही. आमच्या काळच्या उशिरा येणाऱ्यांना हे ठाऊक असतं तर वर्गाच्या दाराशी उभं राहून सरांना ऐकवता आलं असतं.

ही उडी चांगलीच झाली, यात मला शंका नाही. पीपी नंबरच्या दिवसांत परत जायची मला मुळीच इच्छा नाही, आणि काकूंनाही नसेल. पण बूथवाला आठवतो. चांगल्या चालत्या धंद्यात त्याने जागेची पागडी भरली होती, काचेची केबिन करून घेतली होती, बिल छापणारं छोटं यंत्र घेतलं होतं. पुढे त्याच काचेच्या केबिनमध्ये झेरॉक्स मशीन आलं, मग कुरकुऱ्यांच्या माळा लटकल्या, मग मोबाइलची रिचार्ज कार्डं. ज्याने त्याच्यावरून उडी मारली त्याचंच तिकीट तो विकू लागला. आकडेवारीत हा माणूस सापडत नाही. ती उडीची लांबी मोजते.

पाठीचा हिशेब ठेवलेला मला सापडला तो भलत्याच ठिकाणी, युद्धाच्या इतिहासात. दुसऱ्या महायुद्धात प्रशांत महासागरातल्या जपान्यांच्या ताब्यातली बेटं एकेक करून घेत बसण्यापेक्षा भक्कम तळ तसेच सोडून त्यांच्या पलीकडच्या बेटांवर उतरायचं, असं अमेरिकी सैन्याने ठरवलं. या डावपेचालाही लीपफ्रॉगिंगच म्हणत. सर्वांत मोठा सोडून दिलेला तळ म्हणजे न्यू ब्रिटन बेटावरचं रबौल. तिथे आणि आसपास लाखाच्या घरात जपानी सैनिक होते, डोंगरात खणलेले बोगदे होते, तोफा होत्या, जय्यत तयारी होती. विमानं येऊन बॉम्ब टाकून जायची, पण ज्या मोठ्या हल्ल्यासाठी ही तयारी होती तो आलाच नाही. युद्ध त्यांच्या डोक्यावरून उत्तरेला निघून गेलं. रसद तुटली, तेव्हा या सैन्याने रताळी आणि भाजीपाला लावला. सप्टेंबर १९४५मध्ये शरणागतीचे कागद सह्यांसाठी आले, तोवर ते शेती करत होते. तोफेच्या बाजूला रताळ्याचे वाफे खणणारा एखादा सुभेदार दर्जाचा म्हातारा शिपाई मला डोळ्यांसमोर दिसतो. लढाई हरलो म्हणावं तर आपल्याशी कोणी लढायला उतरलंच नाही!

कचेरीत असे रबौल पुष्कळ असतात. तिथला शब्द ‘डावलणे’. सेवाज्येष्ठता डावलून. हा शब्द इतर सगळ्यांपेक्षा प्रामाणिक आहे, कारण तो उडी मारणाऱ्याबद्दल चकार शब्द काढत नाही. बोलतो तो फक्त ज्याच्यावरून उडी गेली त्याच्याबद्दल. १९७३ साली न्यायमूर्ती शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर या तिघांना डावलून ए. एन. रे सरन्यायाधीश झाले, तेव्हा तिघांनीही राजीनामे दिले. एवढ्या उंचीवर राजीनामा देता येतो. खालच्या मजल्यांवर हप्ते चालू असतात. तिथे डावललेला माणूस डब्यातली पोळी जरा जास्त वेळ चावतो आणि नव्या साहेबांच्या स्वागताच्या हारासाठी वर्गणी काढतो. ज्येष्ठ म्हणून हारही त्यालाच घालावा लागतो. हार घालताना समोरच्याने मान वाकवायची असते. तेवढंच काय ते ओणवं होणं.

माझा एक मावसभाऊ असाच डावलला गेला. आठ वर्षांनी कनिष्ठ असलेला मुलगा त्याचा साहेब झाला. रविवारी आम्ही त्याच्याकडे गेलो होतो, तेव्हा त्याची पंच्याऐंशीची आई, म्हणजे माझी मावशी, खाटेवर बसून गवार मोडत सगळं ऐकत होती. ‘लीपफ्रॉग’ हा शब्द त्यानेच वापरला, थोडा कडवटपणे. मावशीने त्याचा अर्थ विचारला. मी सांगितलं, ‘अगं, म्हणजे त्याला ओलांडून तो पोरगा पुढे गेला.’

ओलांडून म्हटल्याबरोबर तिचे हात थांबले. मराठी घरात वाढलेल्या कोणालाही याचं कारण सांगावं लागू नये. झोपलेल्या, बसलेल्या पोराला ओलांडायचं नाही, त्याची उंची खुंटते. दाटीवाटीने गाद्या घातलेल्या खोलीत रात्री पाणी प्यायला उठलेल्या माणसाला भिंतीला धरून, पायांच्या फटींतून, शिव्या खात जावं लागायचं ते याचमुळे. चुकून ओलांडलंच, तर उतारा ठरलेला होता: होतास तिथून परत उलटा ओलांड. उंची परत सुरू. इतक्या सगळ्या भाषांत, इतक्या प्राण्यांच्या नावांनी लोक एकमेकांवरून उड्या मारतात; पण ज्याच्यावरून उडी गेली त्याच्या उंचीची चौकशी मी दुसऱ्या कुठल्या शब्दात पाहिलेली नाही.

‘मग त्याला सांग की,’ मावशी म्हणाली, ‘परत उलटा ओलांड म्हणावं.’

‘आई, तो माझा साहेब आहे आता,’ मावसभाऊ म्हणाला. ‘असं सांगता येत नाही.’

‘का नाही येत? एवढी शिकलीसवरलेली माणसं तुम्ही, अर्ज करा.’

‘कुणाकडे करू?’

‘ते मला काय ठाऊक,’ तिने गवारीची शेंग कटकन मोडली. ‘पण लौकर कर बाबा. सहा महिन्यांनी तुझी रिटायरमेंट आहे, मग वाढायला वेळ कुठे उरतोय?’